सेलवर भरलेली कॅसेट

मला कुणी विचारलं, "गोरखभाऊ, तुमची आवडती कॅसेट कोणती?" तर मी उलट विचारतो, "तू एखादी पुरी ऐकलीयस का कधी?" हल्ली सगळे मुखडा ऐकतात आणि बोटानं पुढं ढकलतात. नुसती कोशिंबीर चाखून पंगतीतून उठावं, तसा प्रकार. अन् वर मत देतात, "अल्बम काय खास नाय राव." अशा लोकांचा मला लई राग येतो.

मंचरच्या बाजारात माझं दुकान आहे. आता तिथं मोबाईलची कव्हरं, चार्जर आणि रिपेअरिंग आहे, पण पूर्वी ते कॅसेटचं दुकान होतं. त्या काळात लोक माझ्या तोंडाकडं बघून कॅसेट घ्यायचे. मी मान हलवली की डझनानं खपायची. मी नाक मुरडलं की तीच कॅसेट काचेमागं पडून उन्हानं फिकी व्हायची. जुन्नरवरून पावणं यायचे, दहा कॅसेट समोर मांडून विचारायचे, "भाऊ, यातली कुठली घिऊ?" गोरखचा कान पक्का, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

कॅसेट गेल्या, पण खोड गेली नाही. दर रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही चौघं एक अल्बम पुरा ऐकतो. पहिला मी. दुसरे गेणभाऊ, बटाट्याचे व्यापारी. तिसऱ्या वैजयंती मॅडम, जुन्नरच्या शाळेत गाणं शिकवतात आणि खास यासाठी एसटीनं येतात. चौथी अमृता. ही निरगुडसरची, इथं मंचरला बँकेत नोकरीला आहे. एकदा फोनची काच बदलायला आली, आमचं भांडण ऐकत उभी राहिली आणि पुढच्या रविवारी स्वतःची खुर्ची घेऊन हजर झाली.

आमचा नियम साधा आहे. फोन स्टीलच्या डब्यात. अल्बम कुणाचा ते आणणाऱ्यानं सांगायचं नाही. संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग गेणभाऊंनी आणलेल्या पाटीतून, आवडला तर बटाटा आणि नाही आवडला तर कांदा उचलून टेबलावर ठेवायचा. ठेवला की उभं राहून कारण सांगायचं. नुसतं "बरं वाटलं" चालत नाही. गेणभाऊंनी एकदा कोळीगीतांना बटाटा ठेवला आणि कारण दिलं, "पाय हालत व्हते." मॅडमनी ते मान्य केलं. अमृतानं पुण्याच्या कुणा पोरांचा रॅप आणला, त्याला मी कांदा ठेवला. ती म्हणाली, "काका, तुम्ही दुसऱ्याच गाण्याला तोंड वाकडं केलंत, पुढचं ऐकलंच नाहीत." मी तिच्यावर चिडलो. खरं सांगायचं तर पोरगी बरोबर बोलली होती.

चिडतो, भांडतो, पण त्या तासाभरात मला जे मिळतं ते देवळात मिळत नाही. बाहेर हायवेवर ट्रक हॉर्न मारत असतात आणि आत चार माणसं हलतसुद्धा नाहीत. कुठल्या तरी अनोळखी माणसाचा श्वास खोलीभर भरून राहतो. तो माणूस कदाचित मेलेला असतो, तरी आपल्यासमोर जागा होतो. मला अजून याचं नवल वाटतं.

गेल्या फेब्रुवारीत अल्बम आणायची बारी अमृताची होती. तिनं पिशवीतून एक कॅसेट काढली. वरचा कागद फाटलेला, नाव दिसत नव्हतं. मी खूश झालो. कपाटावरचा माझा जुना टेपरेकॉर्डर काढला, हेड पुसलं, कॅसेट घातली. पेटी वाजली, मागून ढोलकी आली, आणि बाईनं पहिली ओळ उचलली:

माय म्हणे लेकी, आधी पाटी घे हातात,
भाकरीच्या आधी माझं नाव लिही त्यात.

ही कॅसेट मी ओळखली होती. अख्ख्या तालुक्यात ती माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, कारण तिच्या दोनशे कॉप्या मीच भरल्या होत्या आणि तिला मारलंही मीच होतं.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. निरगुडसरचे भागुजी माझ्याकडं आले. शांत माणूस, गावात पेटी वाजवायचे. बायको पारूबाई भीमजयंतीला गायच्या. शब्दही त्यांचेच. आठ-दहा गाणी झाली होती, तर वस्तीतल्या लोकांनी म्हटलं, कॅसेट काढू. पुण्याला स्टुडिओत जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून घरीच टेपवर भरली आणि भागुजी ती मास्टर कॅसेट घेऊन आले. चौदा एप्रिलला चार दिवस राहिले होते. मी दोन डेक लावले आणि रात्रंदिवस कॉप्या काढल्या. ऐकायला वेळ कुणाला होता?

ऐकली ती जयंतीनंतर, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. पहिली बाजू बरी होती. दुसरी बाजू लावली आणि लोक हसायला लागले. बाईचा आवाज बारीक, चिरका, शेवटच्या गाण्यात तर लहान पोर रडतंय असा. आणि घाई तरी किती, जशी काही एसटी सुटतीय. आठ दिवसांनी भागुजी खपाची चौकशी करायला आले. दुकानात पाच-सहा माणसं होती. मी त्यांच्यासमोरच बोललो, "भागुजी, वहिनींना सांगा, घरातल्या घरात गावा. ह्यो बाजारात आणायचा आवाज न्हाई."

त्या माणसानं उरलेल्या कॅसेट पोत्यात भरल्या, पोतं सायकलला बांधलं आणि गेला. पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. पुढं ऐकलं की पारूबाईंनी गाणं बंद केलं. तेव्हा मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बघा, माझा कान पक्का.

आता इतक्या वर्षांनी ती कॅसेट माझ्याच टेबलावर फिरत होती. अमृता मांडीवर हात ठेवून ऐकत होती. ती कोण, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. गालाची ठेवण भागुजींची होती. मी पाटीतला कांदा उचलून मुठीत धरला आणि मनाशी ठरवलं की मत बदलायचं नाही. पहिली बाजू संपली. मी कॅसेट उलटली.

दुसरी बाजू तशीच निघाली. चिरकी, घाईची. गेणभाऊंनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. शेवटचं गाणं संपलं. मी कांदा ठेवायला हात पुढं केला, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा. हे शेवटचं परत लावा."

"मॅडम, नियम न्हाई तसा."

"नियम राहू द्या. लावा."

मी लावलं. मॅडमनी डोळे मिटले आणि टेबलावर बोटं ठेवली. मग गेणभाऊंना म्हणाल्या, "शेजारच्या देवळात भजनी मंडळाची पेटी आहे ना? आणता का?"

गेणभाऊ पेटी घेऊन आले. मॅडमनी पहिल्या बाजूचं पहिलं गाणं लावायला सांगितलं आणि पेटीवर सूर धरला. काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. बरोबर जुळला. मग दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं लावलं. मॅडमनी काळी चार दाबली, जुळेना. शेजारची पांढरी सहा दाबली, तीही जुळेना. टेपवरची पेटी या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत वाजत होती. शेवटच्या गाण्यात तर ती काळी पाचपर्यंत चढली होती.

मॅडमनी भाता सोडला. "गोरखभाऊ, माणसाचा गळा चढेल, उतरेल, चिरकेल. पण पेटीला दोन पट्ट्यांच्या मधे सूर नसतो. ही पेटी चढली कशी?"

पेटी चढत नाही. हे शेंबड्या पोराला कळतं. आम्ही सगळे बाईच्या गळ्याला नावं ठेवत बसलो आणि तिच्या शेजारी वाजणारी पेटी मी एकदासुद्धा ऐकली नाही.

अमृता हळूच म्हणाली, "आज्जी सांगते, त्या दिवशी भरताना लाईट गेली होती. आजोबांनी टेप सेलवर लावला होता. सहा मोठे सेल."

झालं. यापुढं मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. सेल उतरत गेले की मोटार सुस्त होते. फीत हळू फिरते आणि आवाज फितीच्या कमी लांबीत भरला जातो. मग ती कॅसेट नीट फिरणाऱ्या मशीनवर लावली की सगळं पळतं, चढतं, चिरकतं. पहिल्या बाजूला सेल ताजे होते. दुसऱ्या बाजूला जसजसे उतरत गेले, तसतशी बाई चिरकी होत गेली. हे मी दुकानात बसून पोरांना शिकवलेलं आहे. दुसऱ्या कुणाची कॅसेट असती, गावातल्या एखाद्या बड्या घरच्या माणसाची, तर बिघाड कुठं आहे ते मी मशीन खोलून बघितलं असतं का? हा प्रश्न मला तेव्हाच पडला. उत्तर ठाऊक होतं, म्हणून मी तो कुणाला बोलून दाखवला नाही.

मी टेपरेकॉर्डरचं मागचं झाकण काढलं. मोटारीच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत वेग कमी-जास्त करायचा स्क्रू. मी घड्याळाचा स्क्रू ड्रायव्हर आत घातला आणि शेवटचं गाणं लावलं. मॅडमनी काळी चार धरून ठेवली. मी स्क्रू केसभर फिरवला. बाईचा आवाज थोडा खाली आला. आणखी केसभर. ढोलकीला वजन आलं. अजून थोडा, आणि टेपमधली पेटी मॅडमच्या पेटीत येऊन अशी मिळाली की दोन आहेत हे कळेना.

त्या दोन पेट्यांच्या मधून पारूबाईंचा आवाज वर आला.

तो आवाज कसा होता ते मला सांगता येईल असं वाटत नाही, तरी सांगतो. रुंद होता. दमदार, सावकाश, मातीत पाय रोवून उभा असलेला. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती बाई इतकी थांबत होती की आपला श्वास अडावा, आणि मग पुढची ओळ आपसूक यायची. जिला आम्ही घाई म्हणालो होतो, ती जगातली सगळ्यात निवांत गाणारी बाई होती. चाळीस वर्षं मी गाणी ऐकतोय. हजारो कॅसेट या हातातून गेल्या. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

गाणं संपलं तरी कुणी पाटीकडं बघितलं नाही. गेणभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मॅडमचा हात पेटीवर तसाच होता. अमृता रडत होती. "माझी आज्जी आहे ती," ती म्हणाली. "तिनं हा आवाज कधी ऐकलाच नाही. तिला सांगू या, सगळा दोष सेलांचा होता."

"सेलांचाच," गेणभाऊ म्हणाले.

मी टेपरेकॉर्डरचं झाकण परत बसवायला घेतलं. भागुजींना मी काय म्हणालो होतो, ते त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. भागुजी जाऊन नऊ वर्षं झाली. सेलांवर ढकललं की मी सुटत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या आत जाऊन येऊ म्हणून मी अमृताला मोटारसायकलवर मागं बसवलं, टेपरेकॉर्डर तिच्या मांडीवर दिला आणि निरगुडसरला गेलो. पारूबाई अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढं गेलेल्या, पण हात झपाझप चालत होते.

"जय भीम, वहिनी. मी मंचरचा गोरख. कॅसेटवाला."

"जय भीम. या, बसा." त्यांनी टेपकडं बघितलं. "ह्ये काय आणलंसा?"

मी टेपची वायर दाराजवळच्या बटणात लावली. स्क्रू लावून ठेवलेलाच होता. मी शेवटचं गाणं सुरू केलं.

पहिल्या ओळीला त्यांचे हात थांबले. दुसऱ्या ओळीला त्यांनी पदर डोक्यावर घेतला, थोरामोठ्यांसमोर घेतात तसा. मग पुरं गाणं होईस्तोवर त्या हलल्या नाहीत. सुतळीचा तुकडा बोटात तसाच अडकून राहिला.

"ही मी हाये व्हय?"

"तुमीच, वहिनी. तवा सेल उतरल्यालं व्हतं. आवाज तुमचा असा व्हता. मशीननं बिघडवला."

"मला वाटलं, माझाच गळा तसा हाय," त्या म्हणाल्या. "मीबी ऐकली व्हती घरी. माझी मलाच लाज वाटली. पुढल्या जयंतीला कुणी बोलावलंबी न्हाई. पयली दोन वर्सं लई वाईट गेली, भाऊ. सण आला की छातीत भरून यायचं."

अमृता म्हणाली, "आज्जी, सेलांमुळं झालं गं सगळं."

इथं मला गप्प बसता आलं असतं. पोरीनं दार उघडून दिलं होतं. पण जो आवाज मी काल ऐकला होता, त्या आवाजासमोर खोटं बसवेना.

"सेलांमुळं न्हाई," मी म्हणालो. "सेलांमुळं कॅसेट बिघडली. बाकीचं मी केलं. भागुजी दुकानात आले, तवा चार माणसांत मी त्यांना म्हणालो, वहिनींना सांगा, घरातल्या घरात गावा, ह्यो बाजारात आणायचा आवाज न्हाई. कॅसेट घिऊ नका म्हणून गिऱ्हाइकांना मीच सांगितलं. लोक मला इचारून घ्यायचे, वहिनी. माझ्यामुळं तुमाला कुणी बोलावलं न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं मी मान खाली घातली.

"ह्ये त्यांनी मला सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"न्हाई?"

"न्हाई. म्हणाले, समद्या खपल्या न्हाईत, येवढंच. पोतं माळ्यावर टाकलं अन् सांच्याला पेटी काढून बसले. मला म्हणाले, तू म्हण, मी हाये ऐकायला."

मी भागुजींना ओळखत होतो असं मला वाटायचं. तो माणूस माझे शब्द पोत्याबरोबर सायकलवर घालून चार-पाच कोस आला, आणि ते त्यानं दाराबाहेरच पुरले. मरेपर्यंत बाहेर काढले नाहीत. मला रडू आलं. एवढ्या वयात, परक्या अंगणात, पोरीसमोर मी रडलो.

पारूबाई उठल्या नाहीत, की मला गप्प बसा म्हणाल्या नाहीत. त्यांनी हातातली जुडी बांधून पुरी केली आणि बाजूला ठेवली.

"भाऊ, गाणं मी सोडलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मांडवात गायचं सोडलं. रानात मी रोज म्हणते. खुरपताना म्हणते, धार काढताना म्हणते. ते ऱ्हायले तवर त्यांच्या पेटीवर म्हणलं. नवी चाळीस-पन्नास झाली असतील. ह्या पोरीला त्याच्यावर निजवलं. शेजारणी ऐकत्यात, बांधापलीकडचे ऐकत्यात. समद्यांनी ऐकलं. येवढी वर्सं तुमीच तेवढं ऐकलं न्हाई."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. चाळीस-पन्नास गाणी, मंचरपासून अर्ध्या तासावर, आणि मी दर रविवारी शटर ओढून जगभरचे अल्बम ऐकत बसलो होतो.

"वहिनी," मी म्हणालो, "आता एखादं म्हणाल का?"

"ते यंत्र आधी बंद करा."

मी वायर काढली. त्यांनी पुढची कोथिंबीर ओढली आणि जुडी बांधता बांधताच सुरू केलं. आवाज आता थकलेला होता, मधेच खरखर होती. पण थांबणं तेच होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी तेवढंच, श्वास अडेल इतकं. गाणं भागुजींवर होतं. पेटीचा भाता सोडून माणूस निघून गेला आणि सूर घरातच राहिला, असं काहीसं. पलीकडच्या वाफ्यात पाणी धरणारी बाई फावडं टेकवून उभी राहिली. अमृता उंबऱ्याला टेकून डोळे मिटून ऐकत होती. मी जमिनीवर बसलो होतो, मांडी कधी घातली ते आठवत नाही.

गाणं संपलं. पारूबाईंनी सुतळीला गाठ मारली आणि माझ्याकडं बघितलं.

"कसं वाटलं, भाऊ? तुमचा कान पक्का म्हंत्यात."

जन्मभर मी गाण्यावर मतं देत आलो. मी समोरची कोथिंबीर ओढली, सुतळी घेतली आणि म्हणालो, "मत मागनं, वहिनी, आधी समदी चाळीस-पन्नास ऐकू द्या."